चिंधी बांधलेला भोपळा

माझी आत्या दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर बाहरेनला आली, आणि तिसऱ्या आठवड्यात तिनं या देशाबद्दलचं आपलं मत जाहीर केलं.

“बाबू,” ती माझ्या वडिलांना म्हणाली, “तुह्या या देशात मातीच नाई.”

वडील टीव्हीसमोर बसून शेव खात होते. त्यांचा हात वाटीतच थांबला. बाहरेनला कुणी नावं ठेवली की ती आपल्यालाच ठेवली, असं त्यांना वाटायचं. बारा वर्षं ते एका कारखान्याच्या इलेक्ट्रिकल विभागात होते आणि रस्त्यावरचे दिवे, सौदीला जाणारा पूल, उन्हाळ्यात नळाला येणारं उकळतं पाणी, हे सगळं आपणच बसवून दिल्यासारखं ते बोलायचे.

“माती नाही कशी? आहे की.”

“कुठं हाय, दाखव. तीन हप्ते झाले खिडकीतून पाहून राह्यली मी. वाळू हाय, डांबर हाय, सिमिट हाय. हातात घ्यावी अशी माती काही दिसली नाई.”

आत्याचं वर्धा जिल्ह्यात चार एकर शेत होतं. नवरा लवकर गेल्यावर ते तिनं स्वतः कसलं, आणि त्याआधी, आजी वारल्यावर, वडिलांनाही तिनंच वाढवलं होतं. त्यामुळे कारखान्यात तीस माणसं हाताखाली असणारे आमचे वडील तिच्यासमोर शाळेतल्या मुलासारखे व्हायचे. त्यांची भाषासुद्धा बदलायची. एरवी आमच्याशी ते पुस्तकी मराठीत बोलत. आत्या आल्यापासून मात्र ‘काहून’ आणि ‘मले-तुले’ सुरू झालं होतं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि मला या सगळ्याची फार मजा वाटत होती. आईला तेवढी वाटत नव्हती. सनद भागातल्या आमच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर एका माणसापुरतं होतं, आणि तीन आठवडे त्यात दोन बायका वावरत होत्या.

त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या भावाला गृहपाठ मिळाला. तो इंग्रजी शाळेत दुसरीत होता. विषय होता ‘माय ऑटम आउटिंग’. पाच वाक्यं आणि एक चित्र. पुस्तकात नमुन्याचं चित्र होतं. नारिंगी पानांची झाडं, लालबुंद सफरचंदं, लोकरीच्या टोप्या घातलेलं एक कुटुंब आणि त्यांच्या हातगाडीत भोपळे. आमच्या गल्लीत एकच झाड होतं, कडुनिंबाचं, आणि ते पान गाळायला तयार नव्हतं. भाऊ दोन दिवस खिडकीशी बसून त्याच्याकडे रागानं बघत होता.

“वी हॅव टू गो टू ॲन ऑर्चर्ड,” तो म्हणाला. “अँड अ पंपकिन फार्म. मिस सेड.”

त्याला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतून यायचं. आत्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. तरी ती दोघं तासन्‌तास गप्पा मारायची आणि कधी अडायची नाहीत.

“काय पाह्यजे लेकराले?” आत्यानं विचारलं.

“फळांची बाग आणि भोपळ्याचं शेत,” मी सांगितलं. “ऑटम आहे ना आता.”

“हे ऑटम काय असते?”

“शरद ऋतू,” वडील म्हणाले.

“शरद म्हंजे दसऱ्याचे दिवस. आपली माणसं दीक्षाभूमीवर जातात ते. तवा कापूस फुटाले लागते, रानात शेंगा भरल्या असतात. इथं काय असते?”

वडिलांनी थोडा विचार केला. “इथं एसी बंद करतात,” ते म्हणाले. “परवा रात्री आपण केला की नाही?”

आत्या त्यांच्याकडे नुसतं बघत राहिली. त्या बघण्यानंच पुढचं सगळं घडलं. वडिलांनी शेवेची वाटी खाली ठेवली आणि जाहीर केलं, की या शुक्रवारी आपण सगळे शेतावर जाणार. बाग पण बघणार, भोपळे पण तोडणार आणि बाईला माती पण दाखवणार. आत्याला ते ‘बाई’ म्हणत.

“भोपळे म्हंजे कोहळं का?” आत्यानं विचारलं.

“आमच्याकडे त्याला डांगर म्हणतात,” आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली. आईचं माहेर नाशिककडचं.

“डांगर? डांगर तर नदीच्या रेतीत होते. कापून खायाचं, गोड.”

“ते खरबूज.”

“खरबूज कायचं? डांगरच ते.”

आईनं पुढची पोळी जरा जोरात लाटली.

शेताचा पत्ता वडिलांना त्यांच्या शिफ्टमधल्या एका बाहरेनी माणसानं दिला होता. झल्लाक गावाकडे जाताना मशीद लागते. तिच्यापुढे डावीकडचा दुसरा रस्ता, मग पांढरी भिंत आणि हिरवं फाटक. शुक्रवारी बरीच कुटुंबं येतात, आत फिरू देतात, भोपळे-लिंबं आपल्या हातानं तोडून विकत घ्यायची. हे सगळं वडिलांनी शिफ्टच्या कागदामागे लिहून घेतलं होतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. आत्या गुडघ्यांमुळे पुढे बसली. मागे आई, मी, भाऊ आणि आमच्या मांडीवर आणि पायाशी चटई, पोळ्यांचा डबा, पिठल्याचा डबा, ठेचा, विळी आणि एक रिकामं पोतं. विळी कशाला, असं आईनं विचारलं होतं. कोहळ्याचं देठ चाकूनं तुटत नाही, असं आत्यानं सांगितलं होतं. विळी कापडात गुंडाळून माझ्या पायाशी ठेवली होती, आणि प्रत्येक वळणावर मी पाय वर घेत होते. सखीरच्या बाजूला, थंडीत लोक सहलीला येऊन राहतात त्या तंबूंची तयारी सुरू झाली होती. आत्या त्या उघड्या माळाकडे बघत म्हणाली, “हे लोक सहलीले बी वाळूतच जातात?” वडिलांनी रेडिओ मोठा केला.

मशीद सापडली. डावीकडचा दुसरा रस्ताही सापडला. त्या रस्त्यावर पांढऱ्या भिंती सात-आठ होत्या आणि एकूण एक फाटक हिरवं होतं.

“उतर अन् विचार,” आत्या म्हणाली.

“विचाराचं काय त्यात?” वडील म्हणाले. रस्ता विचारणं म्हणजे त्यांना हार पत्करल्यासारखं वाटायचं. गाडी हळूहळू पुढे नेत ते एकेक फाटक न्याहाळू लागले. सहावं फाटक सताड उघडं होतं. आतून पाणी मारलेल्या मातीचा वास येत होता, आणि खजुरीच्या झाडांखाली लांबवर, वेलींमध्ये, काहीतरी नारिंगी दिसत होतं.

“पंपकिन!” भाऊ ओरडला.

“हेच,” म्हणून वडिलांनी गाडी आत घातली.

एक पोक्त माळी लगबगीनं पुढे आला. तो कुठला ते कळलं नाही, पण बोलत होता हिंदी. त्यानं वडिलांच्या गाडीचं दार उघडलं, चष्म्याकडे बघितलं आणि कपाळाशी हात नेऊन सलाम करत म्हणाला, “आइये, आइये डॉक्टर साब. हाजी साहब ने बोला था आप आएँगे.”

वडील चष्मा सावरत उतरले. ते डिप्लोमा झालेले होते, पण कारखान्यातले लोक त्यांना इंजिनिअर म्हणायचे, आणि ते कधी कुणाला दुरुस्त करत नसत. आता डॉक्टर झाले. त्यांनी मान डोलावली. चष्मेवाल्या माणसाला इकडे डॉक्टर म्हणण्याची पद्धत असेल, असं त्यांना वाटल्याचं ते पुढे बरीच वर्षं सांगायचे. भावानं त्या संध्याकाळी गृहपाठाच्या पाच वाक्यांत तिसरं वाक्य ‘देन माय फादर बिकेम अ डॉक्टर’ असं लिहिलं, आणि आईला शाळेत जाऊन त्याचा खुलासा करावा लागला.

माळ्यानं खजुरीच्या सावलीत गालिचा अंथरला. आमची चटई पोत्यासारखी गुंडाळलेलीच राहिली. मग एका तबकात पिवळसर कॉफीची किटली आणि ओल्या खजुराची थाळी आली. हाजी साहब जुम्म्याच्या नमाजाला जातील, मग मीही जातो, आपण आराम करा, बाग आपलीच आहे, असं सांगून तो हात बांधून उभा राहिला.

“किती छान व्यवस्था आहे,” वडील म्हणाले.

“अहो,” आई हळू आवाजात म्हणाली, “शेतावर भोपळे विकणारा माणूस कॉफी फुकट कशाला देईल?”

“इथले लोकच तसे आहेत. तुला बारा वर्षांत कळलं नाही.”

माळी मात्र जायचं नाव घेईना. शेवटी त्यानं भीतभीत विचारलं, “डॉक्टर साब, मेरे कमर में दर्द रहता है. क्या करूँ?”

वडिलांनी कॉफीचा घोट घेतला. “झुक के काम करते हो?”

“हाँ जी, बहुत.”

“गरम पानी का सेक दो. और कम झुको.”

माळी इतका समाधानानं बाजूला झाला, की वडिलांनाही आपण काहीतरी बरोबर केलं असं वाटलं असावं.

आत्याचं या सगळ्याकडे लक्षच नव्हतं. ती चपला काढून वाफ्यात उतरली होती. तिनं वाकून माती मुठीत घेतली, दाबली, मूठ उघडून पाहिली आणि पुन्हा खाली सोडली. वडील गालिच्यावरून तिच्याकडे टक लावून बघत होते.

“कशी आहे?”

“खारट असन,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “पण माणसानं मेहनत केली हाय.”

वडिलांना तेवढं पुरलं. ते गालिच्यावर आडवे झाले.

बाग खरोखरच सुंदर होती. उंच खजुरीखाली गुरांसाठी लावलेला लसूणघास, त्याच्या कडेनं लिंबाची आणि डाळिंबाची झाडं, एका ओळीत पपया, आणि भिंतीलगत भोपळ्याचे वेल. पाटातून पाणी वाहत होतं. मी पहिल्यांदाच जमिनीवर वाहणारं गोडं पाणी इतक्या जवळून पाहत होते, आणि त्यात पाय घालून बसले होते. आत्यानं वेलांची तपासणी सुरू केली. तिला ते पसंत पडले नाहीत. नुसते वाढवून ठेवलेत, शेंडे खुडले नाहीत, म्हणून फळ धरत नाही, असं म्हणत तिनं कामाला सुरुवात केली. अर्ध्या तासात चार वेलांचे शेंडे खुडून झाले. कोवळी पानं आणि फुलं भाजीसाठी तिनं लुगड्याच्या ओट्यात जमा केली. आई आधी दूर उभी होती. मग तिनंही पदर खोचला, आणि दोघी खाली बसून फुलं तोडू लागल्या.

“ही फुलं बेसनात बुडवून तळायची,” आई म्हणाली.

“आमी नुसती परततो, लसणावर.”

“तळून बघा एकदा.”

“पाहू,” आत्या म्हणाली. तीन आठवड्यांत ती आईला पहिल्यांदाच ‘पाहू’ म्हणाली होती.

माळी नमाजाला निघून गेला. आता बागेत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. भावाला चित्रासाठी भोपळा हवा होता, आणि तो सगळ्यात मोठाच हवा होता. त्यानं तो हेरून ठेवला होता. भिंतीच्या कोपऱ्यात, वेलावरच, खाली गवताची गादी करून एकटा राखलेला, पिंपाएवढा, नारिंगी-तपकिरी भोपळा. देठाला एक हिरवी चिंधी बांधलेली होती.

“धिस वन,” भाऊ म्हणाला. “इट हॅज अ रिबन.”

वडील उठले. त्यांनी विळी मागवली, मी ती कापडासकट नेऊन दिली. बालपणी आपण शेतात काय काय केलं ते सांगत त्यांनी देठावर विळीचं पातं चालवलं. तिसऱ्या घावाला देठ तुटलं. दोघांनी मिळून तो भोपळा ढकलत ढकलत गालिच्यापर्यंत आणला, वाटेत तो एकदा पाटात पडला आणि पाणी लसूणघासात शिरलं. वडिलांचे बूट भिजले. भोपळा गालिच्यावर बसला तेव्हा ते धापा टाकत होते, पण चेहरा असा खुलला होता की मी तरी त्यांना तसं आधी पाहिलं नव्हतं. भाऊ भोपळ्यावर स्वार झाला होता आणि वडील त्याला लगाम दिल्यासारखी चिंधी हातात देत होते.

त्याच वेळी फाटकातून बागेचे मालक, हाजी आले. पांढरा झगा, हातात काठी आणि डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. मागे माळी. ते थेट वडिलांकडे आले, दोन्ही हात पसरले आणि त्यांना घट्ट मिठी मारली. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे.

“डॉक्टर!” त्यांचं हिंदी मोडकं होतं, पण जोरदार. तरुणपणी ते मोत्यांच्या व्यापारासाठी स्वतःच्या वडिलांबरोबर मुंबईला जायचे, असं नंतर कळलं. “तुम हमको आँख दिया!”

वडील भिजल्या बुटांत उभे होते. “जी?”

“ऑपरेशन से पहले सब धुआँ, धुआँ. फिर पट्टी. पट्टी खुला, तो तुम छुट्टी पे गया. आज पहली बार हम तुम्हारा मुँह देखता है.” त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला, वडिलांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ निरखला. “माशाल्ला. एकदम साफ दिखता है.”

मी आईकडे पाहिलं. आईनं डोळे मिटून घेतले होते.

वडील सत्यवादी माणूस होते. फक्त त्यांना सत्य सांगायला जरा वेळ लागायचा. “हाजी साहब,” ते म्हणाले, “मैं डॉक्टर नहीं. मैं इलेक्ट्रिकल में हूँ.”

“हाँ, हाँ!” हाजींनी त्यांची पाठ थोपटली. “बिजली का मशीन! हमको मालूम. बिजली का मशीन से काटा!” आणि माळ्याला म्हणाले, “यल्ला, खाना लाओ!”

“हाजी साहब, सुनिए—”

“बाद में, बाद में. पहले खाना.”

“बाबू,” आत्या फुलांनी भरलेला ओटा सावरत जवळ आली, “हे काय म्हनून राह्यले?”

“मी डोळ्यांचा डॉक्टर आहे म्हणतात.”

“मंग तू सांग नं त्यायले, का तू वायरमन हायस म्हनून.”

“वायरमन नाही, बाई. फोरमन.”

“तेच ते.”

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. फाटकातून एक चकचकीत मोटार आत आली आणि आमच्या गाडीमागे उभी राहिली. त्यातून एक सडपातळ, चष्मेवाला केरळी गृहस्थ उतरला. बरोबर त्याची बायको आणि दोन मुली होत्या, आणि हातात मिठाईचा मोठा डबा. तो हसत पुढे आला, हाजींना ‘सलाम आलेकुम’ म्हणाला आणि उशीर झाल्याबद्दल माफी मागितली.

हाजी वळले. त्यांनी आवाज ओळखला होता, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी काळा चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. आधी त्या गृहस्थाकडे पाहिलं, मग वडिलांकडे, मग पुन्हा त्या गृहस्थाकडे.

“तुम डॉक्टर?”

“हाँ जी.”

हाजी काठी टेकत वडिलांकडे वळले. “तो तुम कौन?”

मागे पाण्याचा पंप अडखळत खडखडत होता. वडिलांनी खिशातून तो शिफ्टचा कागद काढला. तो ओला झाला होता. “हमको भोपळे का... बोबर का खेत देखना था,” ते म्हणाले. भोपळ्याला इथे बोबर म्हणतात हे त्यांच्या मित्रानं कागदावर लिहून दिलं होतं. “मस्जिद के बाद दूसरा रास्ता. सफेद दीवार, हरा दरवाजा.”

“सब का हरा दरवाजा है,” हाजी म्हणाले.

“जी. अब मालूम हुआ.”

“वो दूसरा खेत उधर है,” माळी पुटपुटला, “आगे, अगला ही फाटक.” आणि मग अचानक त्याची नजर भोपळ्यावर गेली. भाऊ अजून त्यावर बसलेला होता. माळ्यानं दोन्ही हात डोक्याला लावले. “हाजी साहब! बीज का बोबर!”

तो काय म्हणाला ते आमच्यात आत्याला सगळ्यात आधी कळलं. तिनं भावाच्या हातातली हिरवी चिंधी घेतली आणि वडिलांकडे बघितलं. माझं काही चुकलं की मी जशी भ्यायचे, तसे वडील तेव्हा भ्यालेले दिसत होते.

“बाबू. चिंधी बांधली होती याले?”

“हो.”

“तुले दिसली नाई?”

“दिसली. रिबन आहे असं वाटलं.”

“बियाण्याचं फळ होतं ते! आपल्या घरी काय बांधत होतो आपन? इसरला तू?” ती हाजींकडे वळली, ओट्यातली फुलं सांभाळत हात जोडले आणि शुद्ध वऱ्हाडीत म्हणाली, “भाऊ, चुकलं आमचं. लेकरू न् हा, दोघं बी सारखेच. बीज खराब झालं नाई. पिकेल फळ हाय. मी बी काढून, धुऊन, सुकवून देतो. एक बी वाया जानार नाई.”

हाजींना यातला एकही शब्द कळला नसावा. ते क्षणभर तिच्याकडे, तिच्या ओट्यातल्या आपल्याच वेलाच्या फुलांकडे बघत राहिले. मग ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग काठी. मग ते गालिच्यावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि डोळे पुसायला हात वर गेला तसा खरा डॉक्टर मिठाईचा डबा टाकून धावला.

“हाथ मत लगाइए! आँख को हाथ नहीं!”

“डॉक्टर,” हाजी धापा टाकत म्हणाले, “इसका मुँह तुमसे अच्छा है. हमको लगा, बहुत अच्छा डॉक्टर मिला.”

आम्ही गुपचूप निघायच्या तयारीत होतो. आईनं डबे उचलले होते, मी विळी शोधत होते. हाजींनी काठी आडवी धरली. “बैठो. घर में आया, खाना नहीं खाया, ऐसा कैसा?” वडिलांनी दोन-तीनदा नाही म्हणून पाहिलं. माळ्यानं फाटक लावून घेतलं होतं, तेव्हा बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आत्यानं मात्र ताबडतोब मांडी घातली आणि विळीवर तो भोपळा फोडला. आतला गर पाहून तिच्या तोंडून पहिल्यांदा या देशाबद्दल एक शब्दही वाईट निघाला नाही. बिया तिनं तबकात काढल्या, पाटात धुतल्या, गालिच्याच्या कडेला उन्हात पसरल्या. तोवर बागेच्या टोकाला असलेल्या घरातून हाजींची बायको बाहेर आली. काळा बुरखा सावरत ती आत्याच्या शेजारी बसली आणि एवढ्या गराचं काय करायचं, असं हातानं विचारलं. आत्यानंही हातानंच सांगितलं. दोघी उठून आत स्वयंपाकघरात गेल्या. आईला आत्यानं हाताला धरून सोबत नेलं.

तिथे काय झालं ते मी दारातून पाहिलं. आत्याला कोहळ्याची बोंडं करायची होती. म्हणजे किसलेला भोपळा, गूळ आणि कणीक एकत्र करून तळलेले गोड गोळे. गूळ काही मिळेना. हाजींच्या बायकोनं खजुराच्या काळ्या पाकाची बरणी पुढे केली. आत्यानं बोट बुडवून चव घेतली, डोळे बारीक केले आणि अर्धी बरणी पिठात ओतली. पीठ सैल झालं. आईनं न विचारता आणखी कणीक घातली. आत्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि परात तिच्याकडे सरकवली.

“तूच मळ. तुह्या हाताले अंदाज हाय.”

आई खाली बघून मळत राहिली. तिचे कान लाल झाले होते.

मोठ्या थाळीत मटणाचा मछबूस आला, म्हणजे मसाल्याचा भात, आणि शेजारी आमच्या पोळ्या-पिठलं, ठेचा आणि बेसनात बुडवून तळलेली भोपळ्याची फुलं. आत्यानं एक फूल खाल्लं, मग दुसरं. मग तिसरं घेतलं. ठेचा डॉक्टरांनी भाजीसारखा चमचाभर घेतला आणि पुढचा काही वेळ त्यांच्या स्वतःच्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बोंडं शेवटी आली. हाजींनी सात खाल्ली. आठव्याला डॉक्टरांनी त्यांचा हात धरला आणि साखरेचं काहीतरी बोलले. हाजी वडिलांकडे वळून म्हणाले, “तुम बोलो डॉक्टर. खाऊँ, नहीं खाऊँ?”

“खाइए,” वडील म्हणाले.

“देखा?” हाजींनी खऱ्या डॉक्टरकडे बघत आठवं बोंड तोंडात टाकलं.

जेवणानंतर वडिलांनी आपल्यापरीनं भरपाई केली. पंपाचा आवाज त्यांना आल्यापासून खटकत होता. माळ्याबरोबर जाऊन त्यांनी पंपाचं झाकण उघडलं, सैल झालेली वायर कापून पुन्हा जोडली आणि बटण दाबलं. पंपाची खडखड थांबली, पाटात पाणी जोरानं यायला लागलं. माळी खूश झाला. “डॉक्टर साब,” तो म्हणाला, आणि मग जीभ चावली. वडिलांनी या वेळी त्याला दुरुस्त केलं. “फोरमन,” ते म्हणाले. आत्या तिथेच बियांजवळ बसली होती. तिनं वर पाहिलं.

“तेवढं तरी येते माह्या भावाले,” ती हाजींच्या बायकोला म्हणाली. तिनं मान हलवली, जणू सगळं समजलं.

ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. पोत्यात तीन लहान भोपळे, पिशवीभर लिंबं आणि दोन पपया घालून माळ्यानं ते डिकीत ठेवलं. पैशाचं नाव काढताच हाजींनी कान झाकून घेतले. सुकत घातलेल्या बियांपैकी एक मूठ हाजींच्या बायकोनं आत्याच्या पदराच्या टोकाला बांधून दिली. दोघी एकमेकींचे हात धरून बराच वेळ बोलल्या. एक अरबीत, एक वऱ्हाडीत. काय बोलल्या, ते आत्यालाही नंतर सांगता आलं नाही.

गाडी मुख्य रस्त्याला लागली. वडील समोर बघत गाडी चालवत होते. भाऊ माझ्या खांद्यावर झोपला होता, त्याच्या तोंडाला पाक लागला होता.

मग शेजारून आईचा एक विचित्र आवाज आला. मला वाटलं तिला मळमळतंय. तिनं पदर तोंडावर धरला होता.

“काय झालं?” वडिलांनी आरशातून बघत विचारलं.

“‘एकदम साफ दिखता है,’” आई कसंबसं म्हणाली, आणि पुढचं तिला बोलता आलं नाही.

 पुढच्या सीटवर आत्याचंही पोट हसण्यानं हलायला लागलं. “वायरमन,” ती म्हणाली, “न् डाक्टर म्हनून तोंड निरखून घेतो!” मागून आईनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि दोघी इतक्या हसल्या, की वडिलांना गाडी वाळूत, रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. ते स्टिअरिंगवर हात ठेवून वाट बघत बसले. एकदा त्या थांबल्यासारख्या झाल्या, तेव्हा ते म्हणाले, “फोरमन.” त्यावर दोघींना पुन्हा सुरुवात झाली.